दुसऱ्याचा कुत्रा, आपली मजुरी

मोबदला घेऊन दुसऱ्याचा कुत्रा फिरवून आणणे हा मुंबई, ठाणे, पुणे, नवी मुंबई या शहरांत आता रुळलेला छोटा व्यवसाय आहे. घरातली सगळी माणसे सकाळी कामाला बाहेर पडतात ती रात्री परततात. पंधराव्या-विसाव्या मजल्यावर पाळलेल्या कुत्र्याला दिवसातून दोनदा खाली नेण्याचे काम मग कोणावर तरी सोपवावे लागते. पूर्वी ते घरगडी, ड्रायव्हर किंवा सोसायटीचा वॉचमन वरकाम म्हणून उरकत असे. आता ते स्वतंत्र धंदा म्हणूनही केले जाते. भांडवल जवळजवळ लागत नाही. मजबूत पट्टा, हार्नेस, विष्ठा उचलायच्या पिशव्या, पाण्याची बाटली, चांगले बूट आणि फोन एवढ्यावर सुरुवात होते. केंद्र सरकारची ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे कामगार मोजकेच असतील तर नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणीही सहसा लागत नाही.

सुरुवात इतकी सोपी असल्यामुळे या धंद्यातला अवघड प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. न्हाव्याकडे पैसे देणारा आणि काम करून घेणारा एकच असतो. काम बिघडले तर तो बोलतो, पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. कुत्रा फिरवण्यात पैसे देणारा एक आणि सेवा घेणारा दुसरा. या दुसऱ्याला माणूस निवडता येत नाही, दर ठरवता येत नाही, तक्रार करता येत नाही, आणि कामावरून काढणे तर त्याच्या हाती मुळीच नाही. मजुरी मालकाकडून घेतल्यावर बांधिलकी कोणाशी, मालकाशी की कुत्र्याशी? आणि मुक्या जिवाच्या गरजेवर पोट भरणे धर्माला धरून आहे का? हे प्रश्न वाटतात तितके नवे नाहीत. दुसऱ्याची जनावरे मोलाने राखणाऱ्या माणसाचा विचार भारतीय शास्त्रकारांनी फार पूर्वी आणि बारकाईने केलेला आहे. आजच्या धंद्याला तो थेट लागू पडतो.

पहिला आक्षेप पैशालाच असतो. जनावराची सेवा हे पुण्यकर्म, त्याचे पैसे कसले घ्यायचे, असे म्हणणारे लोक बहुतेक वेळा मनापासून म्हणत असतात. या आक्षेपामागे मोलाच्या कामाकडे खालच्या नजरेने पाहण्याची जुनी सवय आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाच्या उपजीविकेचे प्रकार सांगताना वेचून आणलेले धान्य सर्वांत वर ठेवले आहे, व्यापार बराच खाली, आणि पगारी चाकरी शेवटी; ती कुत्र्याची वृत्ती म्हणून टाळावी, असे तिथे सांगितले आहे. राबणारा माणूस आणि कुत्रा दोघेही एका दमात हिणवले गेले. महाभारताच्या वनपर्वातली धर्मव्याधाची कथा या उतरंडीला छेद देते. मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा व्याध तिथे कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवतो. काम कोणते यावर तो जोर देत नाही. त्यात खोटेपणा आहे का, घरच्या म्हाताऱ्या आईबापांची काळजी घेतली जाते का, हे तो पाहायला सांगतो. कर्मयोगाचा दाखला देऊन फुकट सेवेचा आग्रह धरणाऱ्यांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायातले तेही ध्यानात घ्यावे, की कर्मावाचून शरीराचा निर्वाहसुद्धा होणार नाही असे तिथे बजावले आहे.

फुकट सेवेत व्यवहाराचीही एक खोट आहे. शेजारधर्म म्हणून कुत्रा फिरवणारा माणूस पाऊस पडला, पाहुणे आले, कंटाळा आला की येत नाही, आणि त्याला जाब विचारायची सोय नसते. घरात कोंडलेल्या कुत्र्याची अडचण मात्र ठरल्या वेळी उभी राहतेच. घरात घाण करू नये हे तो शिकलेला असतो, म्हणून तो तासन्‌तास कळ काढत बसतो. मजुरी ठरली की रोजची फेरी ही मेहेरबानी राहत नाही, ते देणे होते. बोलता न येणाऱ्या जिवाला मेहेरबानीपेक्षा देण्याचा आधार मोठा असतो. पैसे घेण्यात दोष नाही एवढेच नव्हे, या कामात पैसे घेणे हेच बहुधा अधिक जबाबदारीचे आहे.

जबाबदारी किती आणि कोणाची, याचे उत्तर मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सापडते. राजाने निवाडा करायच्या तंट्यांचे अठरा विषय तिथे दिले आहेत. त्यांतला एक स्वामिपालविवाद, म्हणजे जनावरांचा मालक आणि ती राखणारा गुराखी यांच्यातला तंटा. दिवसा जनावराच्या सुरक्षिततेचा जाब गुराख्याने द्यायचा. रात्री ते मालकाच्या घरी असेल तर मालकाने. गुराख्याने करायला हवा तेवढा प्रयत्न केला नाही म्हणून जनावर हरवले, अडचणीच्या जागी पडून मेले किंवा कुत्र्यांनी फाडले, तर भरपाई त्याने करायची. चोरांनी उघडपणे हिसकावून नेले आणि गुराख्याने योग्य ठिकाणी, योग्य वेळी मालकाला कळवले, तर तो सुटतो. लांडग्यांनी शेळ्यामेंढ्यांना घेरले असताना राखणारा धावून गेला नाही, तर मेलेल्या जनावराचा दोष त्याच्या माथी येतो. कळप नीट राखलेला असताना लांडग्याने अचानक झडप घातली, तर येत नाही.

मनुस्मृतीतल्या पुष्कळ गोष्टी टाकून देण्याजोग्या आहेत आणि त्यांतली एक पुढे येईलच. पण हे प्रकरण शहाणपणाचे आहे. नुकसान झाले की राखणारा दोषी, असे ते म्हणत नाही. त्याने काय केले हे पाहते. दिवाळीच्या संध्याकाळी फटाक्याच्या आवाजाने बिथरलेल्या कुत्र्याने हिसडा देऊन पट्टा तोडला, हा दैवाचा भाग असू शकतो. जीर्ण झालेला पट्टा महिनाभर तसाच वापरणे, किंवा फटाके सुरू झाल्यावर ऐन गर्दीच्या रस्त्याने नेणे, हा राखणाऱ्याचा दोष. कुत्रा पळाल्यावर घाबरून तास-दीड तास मालकाला फोन न करणे हा त्याहून मोठा दोष, कारण शोधायला तोच वेळ मोलाचा असतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातही ताब्यात दिलेल्या वस्तूची काळजी सामान्य शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तशी घेतली पाहिजे, असे कलम १५१ सांगते. कायद्याच्या लेखी कुत्रा ही अजून मालमत्ता आहे. धर्मविचार एक पाऊल पुढे जातो. भरपाई मालकाला करता येते. जिवाची हानी तशी भरून निघत नाही, म्हणून दोष राखणाऱ्याच्या पदरात उरतो.

मजुरी कशी ठरवायची हा हिशेबाचा प्रश्न वाटतो; खरे तर या धंद्यातला सर्वांत महत्त्वाचा नीतीचा प्रश्न तोच आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात गोधनाच्या अधिकाऱ्याचे काम सांगताना गुराखी आणि दूध काढणाऱ्यांना रोख वेतनावर ठेवावे, असे म्हटले आहे. कारणही तिथेच दिले आहे. मोबदला दुधातुपात दिला, तर जास्त दूध हाती लागावे म्हणून ही माणसे वासरांना उपाशी मारतील. कौटिल्य इथे गुराख्याच्या मनातली दया वाढवायचा उपदेश करत नाही. वासराच्या तोंडचे दूध आणि गुराख्याची कमाई एकमेकांच्या आड येणार नाहीत, अशी मजुरीची रचना तो करतो. दया ही मोठी गोष्ट आहे, पण रोज संध्याकाळी थकलेल्या माणसाच्या दयेवर मुक्या जिवाचे हित टांगून ठेवू नये, हे त्याने ओळखले होते.

मजुरीची रचना चुकली की काय होते, याचा दाखला मुंबईच्या इतिहासात आहे. १८३२ च्या जून महिन्यात सरकारी हुकमाने शहरातली बेवारशी कुत्री मारण्याची मोहीम चालू होती आणि मारलेल्या दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. नगावर पैसे ठरल्यामुळे शिपाई पाळलेल्या कुत्र्यांवरही हात टाकतात, घरातून ओढून नेतात, अशी तक्रार उसळली. पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान पवित्र; मृतदेहावर कुत्र्याची नजर पडू देण्याचा सगदीद हा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग. फोर्टातले पारशी रस्त्यावर आले, त्यांना इतर समाजांतले लोक मिळाले, दुकाने बंद झाली, दंगल झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि शहरातल्या इतर धनिकांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभा राहिला.

आजचा कुत्रा फिरवणारा मारेकरी नाही, पण नगावरचा हिशेब त्याच्याही वाट्याला येतो. दर कुत्र्यामागे महिन्याला अमुक रुपये ठरले, की एका फेरीत दोनाचे चार आणि चाराचे सहा कुत्रे होतात. एका मुठीत सहा पट्टे धरलेला माणूस फुटपाथवरून चालताना पाहिला की या दराचा अर्थ डोळ्यांपुढे येतो. म्हातारे कुत्रे मागे खेचले जाते, तरणे पुढे ओढते, मधले पाय उचलायला थांबते तोच पट्ट्याला झटका बसतो. कोणी कोणाचा वास घेत नाही, कोणी कुठे रेंगाळत नाही. सगळा कळप नुसता पुढे सरकतो. त्यात एखाद्याने गुरगुर केली तर सोडवायला मोकळा हात उरत नाही. म्हणून मोबदला वेळेवर ठरवावा, एका फेरीतल्या कुत्र्यांची संख्या आधीच बांधून घ्यावी, आणि ती मालकाला लेखी द्यावी. दर त्यामुळे वाढतो आणि काही ग्राहक परत जातात. ते जाऊ द्यावेत.

सजीवाच्या व्यवहारातून मिळणारा पैसा कोठे शुद्ध राहतो आणि कोठे नाही, याची सीमा वेगवेगळ्या धर्मांनी जवळजवळ एकाच ठिकाणी आखली आहे. बौद्ध उपासकाने टाळायचे पाच व्यापार अंगुत्तर निकायात सांगितले आहेत: शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष. इस्लामी परंपरेत कुत्र्याची किंमत घेण्याला मनाई करणारे हदीस आहेत. त्यावरून कुत्र्याच्या विक्रीबद्दल फिकहच्या, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राच्या, संप्रदायांत मतभेद झाले. कुत्र्याच्या लाळेच्या शुद्धाशुद्धतेबद्दलही मालिकी आणि शाफई मते वेगळी आहेत. पण तहानेने माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्याला क्षमा मिळाली, ही हदीसमधली कथा सर्वमान्य आहे. जीव विकणे वेगळे आणि जिवासाठी केलेल्या कष्टाचे मोल घेणे वेगळे, ही सीमा दोन्हीकडे दिसते. कुत्रा फिरवणारा स्वतःचा वेळ आणि लक्ष विकतो, म्हणून तो अलीकडच्या बाजूला आहे. पलीकडे जाण्याचा मोह मात्र त्याला लवकरच गाठतो. फिरायला येणाऱ्या मालकांच्या ओळखी होतात. एकाला पिल्लू हवे असते, दुसऱ्याच्या कुत्रीला जोडीदार हवा असतो, मध्ये दलाली सहज सुटते. पिल्लांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी २०१७ पासून केंद्राचे वेगळे नियम व नोंदणी आहे. पण नियम नसते तरी या दलालीने धंद्याचा स्वभाव बदलला असता. काल ज्याची काळजी घेतली, तो आज माल झाला, असे होते.

पट्ट्याचा प्रश्न जैन आचारधर्माने सर्वांत जवळून पाहिला आहे. तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, दिले आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, पेलणार नाही इतका भार लादणे, आणि अन्नपाणी तोडणे. पाचही प्रामुख्याने घरी ठेवलेल्या जनावरांना आणि माणसांना लागू आहेत. पहिलाच अतिचार बांधण्याचा, म्हणजे दोर हाती धरणाऱ्याची पंचाईतच व्हावी. श्रावकाचारावरच्या टीकाकारांनी यातून वाट काढली. बांधणे अपरिहार्य असेल तर गाठ सैल असावी आणि आग लागल्यासारख्या संकटात ती लगेच सोडता यावी. बंधन कोणाच्या हितासाठी आहे, ही या सवलतीमागची कसोटी आहे. रहदारीच्या शहरात कुत्र्याला मोकळे सोडणे ही दया नव्हे. पट्टा त्याला गाडीखाली जाण्यापासून वाचवतो आणि रस्त्यावरच्या लहान मुलाला त्याच्यापासून. गळा आवळणारी साखळी आणि काटेरी पट्टा यांचा हेतू मात्र वेगळा असतो. फिरवणाऱ्याचे कष्ट वाचावेत म्हणून ती वेदना दिली जाते. छातीभोवतीचा हार्नेस आणि हातात जरा सैल धरलेला लांब पट्टा हेच या धंद्यातले सैल गाठीचे बंधन आहे.

पट्टा हातात असणाऱ्याने फेरी नेमकी कोणाची आहे हेही ठरवायचे असते. विजेच्या खांबापाशी कुत्रा थबकतो. आधी दुरून नाक वर करतो, मग खांबाच्या बुडाशी जाऊन इंच-इंच हुंगतो, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, मध्येच थांबून पुन्हा त्याच जागी येतो. रात्रीत तिथून कोण गेले, नर की मादी, ओळखीचे की परके, हे त्याला त्या वासातून कळत असते. माणसाला यात वेळ वाया गेलेला दिसतो आणि पट्टा ओढला जातो. चोवीस तासांतले तेवीस तास ज्याने चार भिंतींत काढले, त्याच्या दिवसातला खरा जगण्याचा भाग तेवढाच होता. अंतर किती कापले याचा नकाशा फोनवर मालकाला पाठवता येतो. किती वेळ हुंगू दिले याचा पाठवता येत नाही. तरीही फेरीचे सार दुसऱ्यातच आहे. व्यायाम हा कुत्र्याचा हक्क आहे हे कायद्यानेही मान्य केले आहे. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये, सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणारा किंवा न देवविणारा मालक क्रूरतेचा गुन्हेगार ठरतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये, म्हणजे कायद्याने तत्त्व सांगितले आणि धाक ठेवला नाही. जर्मनीत कुत्र्याला मोकळ्या हवेत पुरेसे फिरू देणे नियमानेच बंधनकारक आहे.

या कामाची खरी परीक्षा कोणी पाहत नसताना होते. मालक कचेरीत असतो. फिरवणारा कुत्र्याला खाली आणून जिन्याशी बांधू शकतो, अर्धा तास फोन पाहत बसू शकतो, आणि पाय धुऊन वर पोचवू शकतो. कुत्रा काही सांगणार नाही. तत्त्वज्ञ कांटने आपल्या नीतिशास्त्रावरच्या व्याख्यानांत म्हाताऱ्या, इमानी कुत्र्याला गोळी घालणाऱ्या मालकाचे उदाहरण घेतले आहे. त्याच्या मते अशा मालकाचे कर्तव्य कुत्र्याप्रती चुकत नाही, कारण कुत्र्याला विवेक नाही. मालकाच्या स्वतःतली माणुसकी मात्र उणी होते. बेंथमने १७८९ च्या ग्रंथात प्रश्नच बदलला आणि प्राण्याला विचार करता येतो का, याऐवजी वेदना होते का, हे विचारले. जिन्याशी बांधलेल्या कुत्र्याच्या बाबतीत बेंथमचे म्हणणे अधिक पटते. तिथे फसवणूक मालकाचीही झाली, पण हाल ज्याचे झाले तो कुत्राच. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजय राजाच्या भावांनी यज्ञमंडपात आलेल्या, सरमा नावाच्या कुत्रीच्या पिल्लाला मारले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. सरमा जाब विचारायला आली तेव्हा कोणी उत्तर दिले नाही, आणि न दिसणारे भय तुमच्यावर येईल, असा शाप तिने दिला. कुरुकुलाचा राजा त्या शापाने हादरून गेला आणि तो निवारण्यासाठी पुरोहित शोधत फिरला. निरपराध मुक्या जिवाला मारले तर राजालाही उत्तर द्यावे लागते, असे मानणारी ही परंपरा आहे.

मे महिन्यातली दुपार ही अशीच न दिसणारी परीक्षा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. पग, शित्झू अशा चपट्या तोंडाच्या जातींना ती धापही पुरत नाही. नागपुरात किंवा पुण्यात अकरा वाजताच्या डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर त्यावर पंजे ठेवायला लावणे म्हणजे चटके देणे. मालकाने ती वेळ ठरवली असली तरी नकार देणे हे फिरवणाऱ्याचे काम आहे, आणि त्या दिवशीचे पैसे कापले गेले तरी द्यावा असा तो नकार आहे. पावसाळ्यात मुंबईच्या तुंबलेल्या पाण्यातून नेण्याबद्दलही हेच, कारण लेप्टोस्पायरोसिसचा धोका कुत्र्याला आणि माणसाला दोघांनाही असतो.

रस्ता एकट्या पाळीव कुत्र्याचा नाही. तिथे म्हातारी माणसे, कुत्र्याला भिणारी मुले आणि गल्लीतली मोकाट कुत्री असतात. विष्ठा उचलणे, रेबीजची लस दिल्याची नोंद पाहिल्याशिवाय काम न घेणे, लिफ्टमध्ये घाबरणारा शेजारी असेल तर थांबणे, ही या सगळ्यांची देणी. १९२६ मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने साठ भटकी कुत्री मारवली, तेव्हा गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लेख लिहून त्याची बाजू घेतली आणि देशभर वाद उठला. मारण्याबद्दलचे त्यांचे मत पटणे अवघड आहे. पण त्यांच्या म्हणण्यातला दुसरा भाग आजही खरा आहे: तुकडा टाकून निघून जाणे ही दया नव्हे, पाळायचे तर पूर्ण जबाबदारी घेऊन पाळावे. पट्टा, लस, नोंद आणि रोजची फेरी हे त्या जबाबदारीचे रोजचे रूप आहे. वेंदिदाद या पारशी धर्मग्रंथात मेंढपाळाच्या, घर राखणाऱ्या आणि भटक्या अशा कुत्र्यांचे वेगवेगळे वर्ग करून, त्यांना वाईट अन्न देणाऱ्याचा अपराध माणसाला तसे अन्न देण्याच्या तोडीचा ठरवला आहे.

आता पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे फिरवणाऱ्या माणसाकडे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच (श्वपाक) या बहिष्कृत ठरवलेल्या लोकांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे, असे सांगितले आहे. कुत्र्यांजवळ असणे ही शिक्षा म्हणून नेमून दिली गेली. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक यांच्याकडे समदृष्टीने पाहणारा तो पंडित, असे म्हटले आहे. पण समाजाने ते पाठ केले आणि वागणे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायासारखे ठेवले. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला, तेव्हा त्या तळ्यावर जनावरांना पाणी पिता येत होते आणि अस्पृश्य माणसांना येत नव्हते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. हा इतिहास या धंद्याच्या दारात उभा आहे. नोकरांनी आणि कुत्र्यांनी मागची लिफ्ट वापरावी, अशी पाटी लावणाऱ्या इमारती शहरांत आहेत. कुत्र्याला मिनरल वॉटर आणि त्याला फिरवून आणलेल्या माणसाला पाण्याचा वेगळा पेला, हेही घडते. कुत्र्यावरची माया खरी असेल, तरी तिच्यामुळे हा अन्याय धुतला जात नाही. धंदा सुरू करणाऱ्याने हाताखाली माणसे ठेवली तर त्यांना वेळेवर पगार, आठवड्याची सुट्टी, कुत्रा चावल्यास उपचार आणि लसीचा खर्च, आणि अपमान करणारे घर सोडण्याची मुभा दिली पाहिजे. दमलेला, अपमानित माणूस पट्टा हातात घेतो तेव्हा त्याचा राग कोणावर निघतो, हे सांगायला नको.

शेवटी काम संपण्याचा प्रश्न उरतो, आणि तो सहसा कोणी आधी विचारात घेत नाही. फिरवणारा गावी जातो, दुसरी नोकरी धरतो, घर बदलतो. ग्राहकाला एक निरोप पाठवला की व्यवहार मिटतो. कुत्र्याला निरोप कळत नाही. ठरल्या वेळेला तो दाराशी येऊन बसतो, दिवसामागून दिवस. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात हस्तिनापूरपासून पांडवांच्या मागे चालत आलेल्या कुत्र्याला सोडून रथात बस, असे इंद्राने युधिष्ठिराला सांगितले. कुत्रा बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही, असेही बजावले. भार्या आणि भाऊ वाटेत पडले तेव्हा युधिष्ठिर थांबला नव्हता. मेलेल्यांना परत आणणे हाती नव्हते, जिवंत असलेल्या भक्ताला टाकणे हाती होते, आणि तेच तो करणार नव्हता. शरणागताला टाकणे, स्त्रीवध, ब्राह्मणाचे धन हरणे आणि मित्रद्रोह यांच्या पंक्तीला त्याने भक्ताचा त्याग बसवला. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे नंतर उघड झाले. युधिष्ठिराने निर्णय घेतला तेव्हा त्याच्यापुढे फक्त एक कुत्रा होता.

मोलाने फिरवणाऱ्याकडून स्वर्ग नाकारण्याची अपेक्षा कोणी करणार नाही. त्याला काम सोडण्याचा पूर्ण हक्क आहे. पण रोज ज्याने भरवसा ठेवला त्याला एका दिवसात टाकू नये, एवढे देणे त्याच्यावर उरते. नवा माणूस ठरेपर्यंत थांबावे, त्याच्याबरोबर आठवडाभर एकत्र फेऱ्या माराव्यात, कुत्र्याच्या सवयी, भीती आणि आजार त्याला सांगावेत, आणि मग पट्टा त्याच्या हाती द्यावा. हा व्यवसाय सुरू करणाऱ्या प्रत्येकाने एक महिन्याची सूचना आणि हा हवाल्याचा आठवडा पहिल्या ग्राहकाच्या करारातच लिहून घ्यावा.